तास कोण वाटतो?

(उमरी येथे युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

दोस्तांनो, मायबहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेल्या मास्तर लोकांनो,

विद्यापीठात, कॉलेजात प्राध्यापकांना कामं वाटतात, ती न्यायानं कशी वाटावीत यावर बोल, असं मला सांगितलं. दोघं-तिघं हसले. गोदीतला हमाल, शिक्षण मॅट्रिक, हा प्राध्यापकांच्या वर्कलोडवर काय बोलणार? मी म्हणलो, मीच बोलणार. काम कोण वाटतो, कुणाला कोणतं देतो आणि वहीत काय लिहितो, याच्यावरच माझं रोजचं पोट चालतं. मुकादमाची वही मी जितकी वाचलीय तितकी यांच्यातल्या कुणी वाचलेली नाही.

जात म्हणजे तरी काय होती? वाटपच की. मेलेलं ढोर ओढणं कुणाकडं, पोथी सोडणं कुणाकडं, झाडू कुणाकडं, तिजोरी कुणाकडं. पोरगं पोटात असतानाच त्याचं टाईमटेबल गावानं लावलेलं. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच उघडं पाडलं, की व्यवस्था कामं वाटण्याच्या नावाखाली माणसांचेच वाटे करून त्यांना एकावर एक रचून ठेवते. म्हणून कुठंही कामाचं वाटप चाललं असलं की माझे कान उभे राहतात. मग ते गोदीच्या फाटकावर असो की स्टाफ रूममध्ये.

आणि हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. १९९३ साली गौतम वाघमारेनं नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं वेगळं विद्यापीठ निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. म्हणजे विद्यापीठाच्या पाटीसाठी या मातीनं माणसं दिलीत. आम्ही पाटीकडं बघत राहिलो. पाटीखालच्या दारातून आत गेलं की कुणाला कोणती खोली, कोणता तास, कोणती फाईल मिळते, तिकडं बघायला कुणाला सवड झाली नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. पूर्णवेळ प्राध्यापकानं आठवड्याला किमान ४० तास काम करायचं, वर्षात ३० आठवडे, म्हणजे शिकवण्याचे १८० दिवस. त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहाय्यक प्राध्यापकाला १६, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. २०१० च्या नियमांतही हेच आकडे होते. तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष होते सुखदेव थोरात, बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या मिलिंद कॉलेजचे विद्यार्थी. तर कागद तसा वाईट नाही. सोळा म्हणजे सोळा, सगळ्यांना सारखे.

पण गोदीतल्या माणसाला विचारा, सारखे म्हणजे काय? एका टोळीला दिवसभर चहाच्या पेट्या आणि दुसऱ्या टोळीला काजळी नाही तर सिमेंट. पाळी आठच तासांची. हजेरी दोघांची सारखीच. संध्याकाळी एकाच्या अंगाला चहाचा वास येतो आणि दुसरा काळा थुंकतो. जुने कामगार सांगतात, म्हणून तर भांडून मालागणिक हिशेब वेगळा लावून घेतला. गोणीचा हिशेब वेगळा, लोखंडाचा वेगळा, पेटीचा वेगळा. तासाला वजन असतं, हे गोदीला कळलं होतं.

कॉलेजात बघा. समजा एक साहेब एम. ए.चे दोन पेपर घेतात, वर्गात बारा पोरं, तोच अभ्यासक्रम पाच वर्षं, पिवळ्या पडलेल्या नोट्स. त्यांचे तास भरले. दुसऱ्या मॅडम बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. पहिल्या वर्षाची सक्तीची मराठी घेतात. एकेका वर्गात शंभर-सव्वाशे पोरं, चार वेगवेगळी पुस्तकं, माईक नाही, पंखा नाही. त्यांचेही तेवढेच तास. चाचणी घेतली की साहेबांकडं चोवीस उत्तरपत्रिका आणि मॅडमकडं पाचशे. वहीत दोघांपुढं आकडा तोच. याला समानता म्हणायची?

तयारीचा तास कुणी मोजत नाही. तपासण्याचा मोजत नाही. वाडीवरून, तांड्यावरून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली पोरगी वर्ग सुटल्यावर दाराशी उभी राहते, "मॅडम, फॉर्म कसा भरायचा?" तो अर्धा तास कुठं लिहितात? कुठंच नाही. मराठवाड्यात हा अर्धा तास लय मोठा आहे, भाऊ. त्या अर्ध्या तासावर पोरगी शिकते की तिचं लग्न लागतं हे ठरतं.

आता शिकवण्याबाहेरच्या कामाकडं या. खरी जात इथंच दिसते. कॉलेजात कामं दोन जातींची असतात. एक खुर्चीची. विभागप्रमुख, परीक्षा विभाग, खरेदी समिती, प्रवेश समिती. दुसरी सतरंजीची. शिष्यवृत्तीच्या फायली, वसतिगृहाची भांडणं, मागासवर्गीय कक्ष, रांगेतली पोरं, मिरवणूक, १४ एप्रिल, ६ डिसेंबर. आपल्या समाजाचा प्राध्यापक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात प्राचार्य गोड आवाजात म्हणतात, "सर, तुमच्या मुलांचं तुम्हीच बघा." तुमच्या मुलांचं! म्हणजे बाकीच्यांची मुलं ती विद्यार्थी आणि आमची मुलं ती सरांची खाजगी. बाबासाहेबांची जयंती आपल्याच माणसानं करायची, हार आपणच आणायचा, भाषणाला पाहुणा आपणच शोधायचा. राज्यघटना मात्र सगळ्यांची!

हे फक्त इथंच आहे असं समजू नका. अमेरिकेत अमाडो पडिला नावाच्या प्राध्यापकानं १९९४ साली याला नाव दिलं, मराठीत सांगायचं तर ‘सांस्कृतिक कर’. काळा, मेक्सिकन, मूळनिवासी प्राध्यापक विद्यापीठात एकटादुकटा असतो. प्रत्येक समितीत शोभेला तोच हवा, त्या समाजाच्या प्रत्येक पोराची अडचण त्याच्याच दारात. हा त्याच्या वेळेवर बसवलेला कर. बाकीचे त्या वेळात पुस्तक लिहितात, बढती घेतात. मग त्यालाच विचारतात, "तुमचं संशोधन कमी का?"

आता यावर आपल्यातलेच काही जण म्हणायलेत, की आपल्या प्राध्यापकांनी ही कामं टाकून द्यावीत, सरळ नाही म्हणावं. मला हे पटत नाही. शिष्यवृत्तीची फाईल ज्याला तिच्यात काही पडलेलं नाही अशा माणसाकडं गेली तर पैसे पोराला मिळतील कधी? परीक्षा झाल्यावर? त्या दाराशी उभ्या पोरीला कोण बघंल? काम सोडायचं नाही. काम मोजायला लावायचं. शिष्यवृत्तीच्या फायलीला आठवड्याचे चार तास लागतात तर चार तास लिहा आणि तेवढा भार दुसरीकडून उतरवा. आणि पुढच्या वर्षी ती फाईल जोशी-देशमुखांच्या टेबलावर जाऊ द्या, खरेदी समितीत आपला माणूस बसू द्या. फिरती पाळी. एकदा त्यांनाही कळू द्या, की जातीचा दाखला काढायला पोराचा बाप तहसीलला किती खेटे घालतो.

हे बढतीशीही बांधलेलं आहे. यूजीसीच्या त्याच नियमांत वर जायचं तर शिकवण्यासोबत कॉलेजच्या कामांतला सहभाग दाखवावा लागतो, ‘चांगला’ शेरा हवा तर निदान तीन कामांत. म्हणजे कोणतं काम कुणाला दिलं, कागदावर दिलं की तोंडी दिलं, यावर पगाराची पायरी अवलंबून. तोंडी दिलेलं काम केलं तरी नसल्यासारखंच. आमच्या मुकादमाची हीच रीत. "जरा ते पण उचल रे," म्हणतो. ‘ते पण’ वहीत कधीच येत नाही.

आता सगळ्यात खालच्या पायरीवर येतो. सीएचबी. तासिका तत्त्व. नाव कसं भारी आहे बघा, तत्त्व! रोजंदारीला यांनी तत्त्व म्हणून टाकलं.

माझा चुलत भाऊ. माझ्या बापाच्या मोठ्या भावाचा पोरगा, मी त्याला दादा म्हणतो. एम. ए., नेट, पीएच. डी. सगळं झालंय. एका अनुदानित कॉलेजात तासावर शिकवतो. पूर्ण जागा सोळा तासांची. ती मोडून दोघांत वाटलेली, अर्धी भाकर दादाला, अर्धी दुसऱ्याला, म्हणजे पूर्णवेळ कुणीच नाही आणि पूर्ण हक्क कुणालाच नाही. पैसे फक्त वर्गात उभं राहिलेल्या तासाचे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, कोरा. बिलं महिनोन्‌महिने अडकतात. आणि तासाबाहेर? नॅक आलं, फायली दादाकडं. परीक्षेत सुपरव्हिजन, दादा. प्रवेशाच्या वेळी टेबल टाकून बसायला दादा. कायम साहेबाच्या घरी लग्न निघालं की त्यांचा वर्ग दादाकडं. मी विचारलं, "दादा, कामून करतोस फुकट?" तर म्हणला, "जूनमध्ये परत मुलाखत असते ना, बाबा." दर जूनला त्याला नवा माणूस समजून मुलाखत घेतात. सात वर्षं झाली. आता तो भाड्याचं टमटम घ्यायचा विचार करायलाय, उमरी ते भोकर. पीएच. डी. झालेला माणूस स्टँडवर पॅसेंजर ओरडणार, आणि ज्या पोरांना त्यानं कविता वाचायला शिकवली तीच मागं बसणार. टमटम चालवणं वाईट नाही, मी स्वतः वजन उचलतो. पण त्या वर्गाचं काय होणार? तिथं जूनमध्ये आणखी एक नवा दादा येईल, भुकेला.

बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, पगार महिना ४५० रुपये. तिथल्या काही प्राध्यापकांना त्यांनी स्टाफच्या माठातलं पाणी घेतलेलं चालत नव्हतं. आता माठ गेला, बाटली आली. दादाला स्टाफ रूममध्ये पाणी कुणी नाकारत नाही. खुर्ची नाकारतात. तासवाल्यांना कपाटाचा खण नाही, मस्टरवर सही वेगळ्या पानावर. पाणी न नाकारताही माणसाला बाहेर ठेवता येतं, हे व्यवस्थेला चांगलं जमलंय.

सरकारचं काय? यूजीसीनं जानेवारी २०१९ ला अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं कळवलं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली तासिकेचा दर वाढवला, तरी तो त्या दीड हजाराच्या खालीच राहिला. भरतीवर २०१७ साली बंदी. २०१८ च्या नोव्हेंबरात ३,५८० जागांना परवानगी. २०२० साली कोरोनाच्या नावानं पुन्हा बंदी. २०२१ च्या नोव्हेंबरात २,०८८ जागा. नळ सोडायचा, नळ बंद करायचा. आणि जागा निघाली तरी संस्थाचालकाच्या वाड्यावर तिचा काय भाव फुटतो, ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मी तोंड विटाळत नाही.

जागेत शिरण्याच्या वाटेवर सुद्धा मोजणीची चलाखी झाली. अलाहाबाद हायकोर्टानं २०१७ ला सांगितलं, आरक्षणाला सगळं विद्यापीठ नको, एकेक विभाग एकक धरा. ५ मार्च २०१८ ला यूजीसीनं तसा आदेश काढला. तेरा बिंदूंचं रोस्टर. त्यात अनुसूचित जातीचा नंबर सातवा. विभागात जागा चार-पाच! सातवा नंबर येणार कधी? अनुसूचित जमातीचा तर चौदावा, तेरात तो बसतच नाही. आकडेमोडीनं माणूस गायब. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, लोक रस्त्यावर आले, दोनच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी केंद्रीय संस्थांसाठी कायदा झाला. म्हणजे मोजायचं एकक काय धरलं, यावर पिढी बुडते किंवा तरते. तासाचंही तसंच आहे.

आता गोदीचं सांगतो, कारण उत्तराचा एक तुकडा तिथं आहे. पूर्वी मुंबई गोदीत टोळीवाला असायचा. सकाळी फाटकावर शे-दोनशे माणूस उभा, टोळीवाला बोट दाखवणार, तू ये, तू ये, तू उद्या. जो दारू पाजेल, जो पगारातून वाटा देईल, जो त्याच्या गावचा-जातीचा, तो आत. व्हिटले कमिशननं १९३१ सालीच लिहून ठेवलं होतं, की गोदीतला हा बेभरवशाचा रोजगार बंद करा. कायदा झाला १९४८ ला. मग आलं रजिस्टर. नाव नोंदलेलं, नंबर पडलेला, पाळी फिरती, आणि हजर राहूनही काम नसलं तर हजेरीचे पैसे. बोट गेलं, यादी आली. ती यादी कुणी दानात दिली नाही, संप करून, लाठ्या खाऊन मिळाली. आणि टिकली का? १९९७ ला कायदा करूनच मोठ्या बंदरांवरून ती व्यवस्था हटवता येईल अशी वाट केली. कंटेनर आला, कंत्राटदार आला, मी आज कंत्राटदाराच्या बोटावर आहे. माझ्या फाटकावर टोळीवाला परत आलाय, फक्त त्याच्या हातात मोबाईल आहे. म्हणून मला दादाची गोष्ट समजते. त्याच्या कॉलेजात कायम लोकांसाठी यादी आहे आणि तासवाल्यांसाठी बोट.

तेव्हा मागणी काय? भिंतीवर फळा. मोठा, स्टाफ रूममध्ये नव्हे, पोरांना दिसेल अशा ठिकाणी. त्यावर प्रत्येक शिकवणाऱ्याचं नाव, कायम असो की तासावर. किती तास, कोणता वर्ग, वर्गात पोरं किती, पेपर किती वेगळे, समित्या कोणत्या, किती वर्षांपासून त्याच. वजन ठरवायला प्राचार्य एकटा नको, शिकवणारे बसवा, त्यांत तासवालाही हवा. तासवाल्याला दिलेलं वर्गाबाहेरचं प्रत्येक काम लेखी आणि पैशाचं. अमेरिकेतल्या काही विभागांनी सगळ्यांची कामं अशी एका तक्त्यावर मांडली. लपलेलं ओझं दिसलं की लोक लाजतात, निदान थोडे.

इंग्लंडमध्ये नव्या विद्यापीठांच्या करारात वर्षाला शिकवण्याचे ५५० तास आणि आठवड्याला १८ ही वरची हद्द लिहिलेली आहे. तिथं प्रत्येक कामाला तास लावून तक्ते करतात. पण तिथले मास्तरही ओरडतात, की तपासायला वीस मिनिटं धरली आणि लागतो पाऊण तास, आकडा वरून येतो. हे ध्यानात ठेवा. आकडा आला म्हणजे न्याय आला असं नसतं. आकडा कुणी लिहिला ते बघा.

एक साहेब मला म्हणाले, "अरे, आम्ही काय कुली आहोत? बुद्धीचं काम तासात मोजता येत नाही." साहेब, तुमचं मोजता येत नाही आणि दादाचं बरोबर मोजता येतं, मिनिटावर! हे कसं?

आणि आता कडू बोलतो. आपले म्हणवणारे काही प्राध्यापक. नामांतराच्या लाटेवर आत गेले, बंगला झाला, भिंतीवर बाबासाहेबांची मोठी तसबीर. त्यांच्या हाताखाली आपलाच पोरगा सीएचबीवर. तोच त्यांचा वर्ग घेतो, तोच त्यांचे पेपर तपासतो, तोच त्यांच्या पोरीला बसस्टँडवर सोडतो. पीएच. डी.ची सही अडकलेली असते ना. याला मी काय म्हणू? मुकादम आपल्या वस्तीतला असला म्हणून गोणी हलकी होत नाही. हे भाषण छापलं तर हा परिच्छेद कापू नका, संपादकाला आत्ताच सांगून ठेवतो.

आता करायचं काय ते. या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ला, निजामाच्या राज्यात, स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली होती. आणि त्या पैशाचा पै-पैचा हिशेब ठेवला, असं जुनी माणसं सांगतात. ज्या गावानं लुटीचा हिशेब ठेवला त्या गावात पगाराच्या तासांचा हिशेब मागायला लाज कसली? अनुदानित कॉलेजातल्या कायम लोकांचा पगार सरकारच्या तिजोरीतून होतो. माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, कलम चार. कर्मचाऱ्यांची कर्तव्यं न मागता जाहीर करायला पाहिजेत असं त्यात लिहिलंय. केलेली दिसत नसतील तर मागा. नांदेडला उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय आहे, कार्यभाराचे तक्ते तिथं जातात, तिथंही मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. दहा रुपयांचं तिकीट लागतं, ज्याच्याकडं नसेल त्याला आम्ही देऊ. चालू वर्षाचं टाईमटेबल, सगळ्या समित्यांची यादी, तासिका तत्त्वावरच्यांना दिलेली कामं, त्यांची बिलं कोणत्या तारखेला निघाली, एवढं मागायचं. तासवाल्यानं स्वतःच्या नावानं अर्ज करू नये, जूनमध्ये त्याची मुलाखत आहे. त्यांच्यासाठी अर्ज तुम्ही करा, विद्यार्थ्यांनी. माझा मी भरलाय. मला रात्रीची गाडी गाठायचीय, परवा पाळी आहे. उत्तरं आली की याच मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, जशीच्या तशी छापू.

जय भीम.